देवाच्या नावानं मागितलेल्या कळ्या

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी वसमतच्या शाळेत चौथीच्या वर्गाची हजेरी घेत होते. फोन किसनकाकांचा होता, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचा. शेजारच्या कोणाचा तरी मोबाईल मागून घेतला होता. "तुझी मावशी गेली. ये," एवढंच ते बोलले. फोन बंद कसा करायचा हे त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे बराच वेळ मला तिकडचे आवाज ऐकू येत राहिले… बायांचं रडणं, कोणीतरी पाणी मागतंय, आणि मधेच एक बाई अगदी स्पष्ट म्हणाली, "कौसाबाईनं समद्यायचं बघितलं, तिचं कोणी बघितलं न्हाई." सकाळी तूर निवडता निवडता मावशी भिंतीला टेकली ती टेकलीच. आज दीड महिना झाला. लिहायला बसायचं धाडस इतके दिवस होत नव्हतं, कारण तिच्याबद्दल लिहायचं तर बायांच्या ज्या दुखण्याचं नाव आपल्याकडे चारचौघांत घेत नाहीत ते घ्यावं लागतं, आणि मी तिला एकदा काय बोलले होते तेही सांगावं लागतं.

मी मावशीच्या घरी राहायला आले ती आई गेल्यावर. आठवीत होते. तेव्हा आमचा जिल्हा अजून परभणीच होता. मावशीचं गाव जवळा बाजारहून दोन कोसांवर. तीन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढे ओटा, काट्याचं कुंपण, आणि कुंपणाच्या आत माणसाच्या उंचीहून वर गेलेली जास्वंद. साधी, लाल, पाच पाकळ्यांची. औंढ्याच्या एका ओळखीच्या घरून तिनं फांदी आणून लावली होती आणि चुलीची राख, चहाचा चोथा, भांड्याचं पाणी असं सगळं त्या झाडाच्या बुडाशी जायचं. पुढे रोपवाटिकेतून पिवळी, भरगच्च पाकळ्यांची जास्वंद आणून मी कौतुकानं दाखवली, तर ती म्हणाली, "निस्ती दिसायला बरी हाय. हिच्यात गुण न्हाई." मावशीला मूलबाळ नव्हतं. मला तिनं लेकीसारखं वाढवलं म्हणावं तर लेकीला कोणी एवढं बोलत नाही. केस विंचरायला बसले की जास्वंदीची पानं वाटून डोक्याला थापायची, फुलं उकळलेलं तेल कानामागे ओघळेपर्यंत जिरवायची, आणि वर म्हणायची, "डोक्यात काही न्हाई तर निदान डोक्यावर तरी राहू दे."

त्या झाडावर गावातल्या बाया रोज यायच्या. सकाळी पूजेला फुलं न्यायच्या त्या सरळ आत येऊन स्वतः तोडून न्यायच्या. पण काहीजणी कुंपणाच्या बाहेरच उभ्या राहायच्या आणि तिथून म्हणायच्या, "कौसाबाई, देवाला सात कळ्या द्या. उद्या सकाळी उमलतील." मावशी मग हातातलं काम टाकून उठायची आणि सात कळ्या मोजून त्यांच्या पदरात टाकायची. यातली मेख मला कळायला वर्ष गेलं. पाळीत बाईची सावली पडली तर फुलझाड वाळतं असं सगळ्या मानायच्या, म्हणून ज्यांना अंगावर जात होतं त्या आत येत नव्हत्या. आणि न उमललेली कळी कोणी देवाला वाहत नाही. सात कळ्या म्हणजे सात दिवस झाले, थांबत नाही. अकरा म्हणजे अकरा दिवस. त्या कळ्या तुपात परतून खडीसाखरेबरोबर खायच्या, किंवा दुधात वाटून. पांढरं जात असेल तरी तेच, फक्त मग बाई म्हणायची, "देवीला द्या." एवढं सगळं ओट्यावर बसलेल्या पुरुषांच्या देखत चालायचं आणि एकाही पुरुषाला त्यातलं अक्षर कळायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती अशी.

सगळ्यात फसलेले आमचे किसनकाका. माणूस भाविक आणि सरळ. बाई बाहेर उभी राहून पदर पसरते हे त्यांना मर्यादेचं लक्षण वाटायचं. मावशी शेतात असली तर ते स्वतः कळ्या तोडायचे, कपाळाला लावायचे, "जय नागनाथ" म्हणायचे आणि मान खाली घालून द्यायचे. पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या गावावाणी भक्ती तुमाला पंचक्रोशीत दिसायची न्हाई. बायाबापड्या मोजून फुलं वाहतात, नेम हाय त्यायचा." मावशी तेव्हा चुलीपुढे बसून पदर तोंडात कोंबायची. मी तिला विचारलं, देवाचं नाव घेऊन असं खोटं बोलतेस, पाप नाही का लागत? तर म्हणाली, "देवानंच दिलंय ते बायायला. त्याला काहून राग येईल?"

मी अकरावीत असताना माझी स्वतःची पाळी दहा दिवस थांबेना. मावशीनं तुपात कळ्या परतल्या, वाटी हातात दिली आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिली. दोन दिवसांनी थांबलं. मी खूश होऊन म्हणाले, "मावशी, तुझ्या कळ्या म्हणजे रामबाण." त्यावर तिनं मला आईचं सांगितलं. माझी आई तिची मोठी बहीण, तिची अक्का. मी शेंडेफळ, त्यामुळे मी शाळेत असतानाच आईची पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. ती पुन्हा सुरू झाली. आई माहेरपणाला म्हणून मावशीकडे आली आणि हळूच कळ्या मागितल्या. मावशीनं तिची थट्टा केली. "काय गं अक्का, पुन्हा तरणी व्हायलीस का?" दोघी बहिणी हसल्या. गेलेली पाळी परत येणं म्हणजे अंगात रक्त चांगलं आहे, असंच त्यांना वाटलं. पुढचं वर्षभर आई येत राहिली आणि मावशी कळ्या देत राहिली… पाच, नंतर नऊ, नंतर ओंजळभर. नांदेडच्या डॉक्टरांनी पिशवीचा कॅन्सर सांगितला तेव्हा फार उशीर झाला होता. "कळ्यानं थोडं थांबायचं," मावशी म्हणाली, "म्हणून मला वाटलं गुण येऊन राहिला. मी हसून दिल्या गं, पोरी. हसून दिल्या." मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्या दिवशी मला तिचा राग आला नाही. राग नंतर आला, आणि नको त्या वेळी आला.

आई गेल्यापासून मावशीची रीत बदलली होती हे मला तेव्हा उमगलं. कळ्या देताना ती बाईच्या कानाशी जाऊन दोन गोष्टी विचारायची. वय काय, आणि पाळी गेली होती का. पंधरा दिवसांच्या वर गेलं असेल किंवा गेलेली पाळी परत आली असेल, तर एकही कळी द्यायची नाही. मग ती मोठ्यानं म्हणायची, "उद्या औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचंय मला, सोबत येती का?" आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईला एसटीत घालून तिथल्या डॉक्टरीणबाईकडे घेऊन जायची. येताना प्रसादाची पुडी आठवणीनं आणायची. गावात तिच्याइतकी देवदर्शनं कोणी केली नसतील. एका सासूनं तिला तोंडावर म्हटलं होतं, "जिला स्वतःचं लेकरू न्हाई ती काय दुसरीच्या पोटातलं सांगणार?" मावशी म्हणाली, "माझं घर रिकामं हाय, म्हणून तर तुमच्या सुनंला बसायला जागा हाय." पण त्या दिवशी ती जेवली नाही.

हे असंच चालत राहिलं असतं. माझं लग्न होऊन मी वसमतला आले, हिंगोली वेगळा जिल्हा झाला. दोन-तीन वर्षांनी दिवाळीनंतर मी मावशीकडे राहायला गेले होते. सकाळची वेळ. ओट्यावर काका आणि आणखी तिघे-चौघे चहा पीत होते. गावकुसाला सटवाजी नावाचा मेंढपाळ राहायचा. दिवाळी झाली की तो मेंढरं घेऊन गोदावरीकडे निघायचा तो आठ महिने यायचाच नाही. त्या दिवशी त्यांचं निघणं होतं. मेंढरं पोरांबरोबर रस्त्याला लागली होती आणि सटवाजी काकांचा निरोप घ्यायला आला होता. त्याची बायको शेवंता कुंपणाबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "कौसाबाई, देवाला वीस कळ्या द्या."

सटवाजी हसला. "वीस कशाला गं? आपला देव एवढुसा."

मावशी तिच्याजवळ गेली. मीही मागोमाग गेले, म्हणून मला ते ऐकू आलं. मावशी म्हणाली, "शेवंता, तुझी तर कवाच गेलती ना? पाच-सहा वर्सं झाली." शेवंता खाली बघत म्हणाली, "आली परत. दोन म्हयने झाले, आता वीस दिस थांबंना." आणि मग, लाजून, "बरंच हाय की. तरणी झाले म्हणायचं." मी मावशीच्या तोंडाकडे पाहिलं. ते तोंड मी आयुष्यात विसरणार नाही. ती ओट्याकडे वळली आणि नेहमीचं बोलली, "शेवंताला उद्याचा दिवस राहू द्या, भाऊ. औंढ्याला दर्शनाला जाऊन येतो आमी दोघी." सटवाजी उठून काठी घेत म्हणाला, "देव कुठं पळून जातो? परत आल्यावर जा. मेंढरं पार पुढं गेली."

परत आल्यावर, म्हणजे आठ महिन्यांनी. मावशी अंगणाच्या मधोमध उभी होती. एकदा तिनं शेवंताकडे पाहिलं, एकदा काकांकडे. आणि मग ती सगळ्यांच्या समोर बोलली.

"सटवाजी, थांबा. ह्या कळ्या देवाच्या न्हाईत. कवाच नव्हत्या. तुमच्या बायकोच्या अंगावर जाऊन राहिलंय, दोन म्हयने झाले. पाळी गेलेल्या बाईला हे व्हायला न्हाई पाहिजे. माझी अक्का ह्यानंच मेली, अन् मी तिला कळ्या देत बसले. मेंढरं पोरं नेतील. हिला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात न्या. आजच न्या."

काकांच्या हातातली बशी तशीच राहिली. ओट्यावरचा एकजण वहाणा घालून निघून गेला. शेवंतानं पदर तोंडावर ओढून घेतला आणि रडत म्हणाली, "कौसाबाई, तू माझी लाज काढलीस. चार माणसांत काढलीस." मावशी म्हणाली, "व्हय. काढली."

सटवाजीनं तिला नेलं. लगेच नाही, दोन दिवस भांडणात गेले, पण नेलं. नांदेडला पिशवी काढली. वेळेत आणलं असं डॉक्टर म्हणाले. शेवंता आजही मेंढरांमागे चालते.

त्याच संध्याकाळी काका मावशीशी एक शब्द न बोलता जेवून उठून गेले. मावशी भांडी घासत होती. मला तिचा अभिमान वाटायला हवा होता. वाटतही होता… पण त्याच्याही वर दुसरं काहीतरी उसळून आलं, आणि मी म्हणाले, "मावशी, हे तोंड माझ्या आईच्या वेळी कुठं गेलं होतं?"

ती घासायची थांबली. राखेनं माखलेला हात तसाच तिच्या मांडीवर होता. ती म्हणाली, "तवा मला कळलंच न्हाई, लेकरा. कळलं असतं तर ओरडत गेले असते नांदेडपर्यंत." मग पुन्हा घासायला लागली. मी माफी मागितली नाही. जिभेला हाड नसतं म्हणतात, ते माझ्याकडे बघूनच म्हटलं असावं. नंतर सहा वर्षांत कितीतरी वेळा तिच्याकडे गेले, आणि दर वेळी उद्यावर टाकलं.

पुढे जे झालं ते आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून कुंपणाबाहेर कोणी येईना. येणार कशा? आता कळ्यांचा अर्थ गावातल्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक झाला होता. मावशीच्या दारात पाय ठेवणं म्हणजे आपलं दुखणं गावभर सांगणं. पूजेला फुलं नेणाऱ्यांनीसुद्धा येणं सोडलं, उगाच कोणाला शंका नको. झाड लालेलाल व्हायचं आणि संध्याकाळी मिटलेली फुलं अंगणात पडायची, ती मावशी झाडून काढायची. काकांना तर पारावर बसायची चोरी झाली. "काय किसनराव, आज कोणाचा देव बसला?" असं कोणीतरी विचारायचं आणि बाकीचे हसायचे. वीस वर्षं मान खाली घालून, कपाळाला लावून दिलेल्या कळ्या… त्यांना आपली फसवणूक झाली असं वाटलं असावं. पहिले सहा महिने ते मावशीशी बोललेच नाहीत. नंतर बोलले ते कामापुरतं. पाणी दे, दार लाव, बैल सोड. शेवंताबद्दल तिनं केलं ते बरोबर होतं की चूक, हे त्यांनी कधीच म्हटलं नाही, आणि मावशी तेवढ्याच एका शब्दाची वाट बघत होती हे मला दिसायचं.

तिनं एक बाई वाचवली आणि बाकीच्या सगळ्या गमावल्या. याचं दुःख तिनं कधी रडून दाखवलं नाही, पण तिला पोखरलं ते यानंच. गेल्या दिवाळीत आमची शेवटची भेट झाली. मी निघताना ती बसथांब्यापर्यंत आली होती. एकाएकी म्हणाली, "बाया आता कुठं जात असतील गं?" मी म्हणाले, आता सगळीकडे दवाखाने झालेत, मावशी. ती म्हणाली, "दवाखाना हाय गं. पण तिथं जायला घरी काय सांगत असतील?" आपल्याकडे बाई दुखणं अंगावर काढते, हे शाळेत शिकवणाऱ्या मला काय ठाऊक नव्हतं? बस आली आणि मी चढले.

तिला नेलं त्या दिवशी शेवंता कुठून कुठून चालत आली होती. तिनं मावशीचे पाय सोडले नाहीत, बायांनी ओढून बाजूला केलं तेव्हा उठली. काका कोपऱ्यात बसून बघत होते.

गेल्या आठवड्यात मी काकांकडे गेले. मावशीची लुगडी वाटून टाकायची होती. मी आत घड्या घालत होते, काका ओट्यावर एकटेच. बाहेरून आवाज आला, "काका, देवाला फुलं पाहिजे होती." मी दारातून पाहिलं. पलीकडच्या आळीतली नवी सून असावी, विशीतली, ओठ पांढरेफटक. कोणी सांगितलं असेल तिला? काका म्हणाले, "ये, तोडून घे." ती जागची हलली नाही. कुंपणाला धरून उभी राहिली.

काकांनी कुंपणावरच्या तिच्या हाताकडे पाहिलं. मी बाहेर यायला लागले तर त्यांनी हातानंच मला थांबवलं. मग जमिनीकडे बघत, एकेक शब्द शोधत, ते म्हणाले, "पोरी, देवाचं असंल तर झाड तुझंच हाय. अंगावरचं दुखणं असंल तर तसं सांग. कळ्या किती द्यायच्या ते मला न्हाई कळत. ते जिला कळायचं ती गेली. पण दवाखान्यात नेता येतंय मला."

ती पोरगी रडायला लागली. नवरा पुण्याला कामावर, सासू म्हणे होतं असं, तीन आठवडे झाले. काका आत आले, टोपी घातली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिच्या सासूला सांगून ये, मी घेऊन चाललोय म्हणून. अन् तू बी चल. वसमतला बाईडॉक्टर हाय ना?" मी सासूला सांगून आले. तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

बसथांब्याजवळच्या पारावर नेहमीची चार-पाच माणसं बसली होती. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "कुठं निघालाव किसनराव, उन्हाचं?"

काका थांबले. पोरीला त्यांनी सावलीत, पाराच्या कडेला बसवलं. मग वळले आणि म्हणाले, "दवाखान्यात. बायामाणसाचं दुखणं हाय. कौसा ह्याच्यासाठीच बोलली व्हती त्या दिवशी, बराबर बोलली व्हती. कोणाला हसायचं असंल तर हसून घ्या, गाडी यायला येळ हाय."

कोणी हसलं नाही. एकजण उठला आणि पोरीला पाणी आणायला गेला. बस येईपर्यंत काका तिच्या शेजारी उभे होते आणि मी पाठ फिरवून रडत होते. मावशी, तू ज्या एका शब्दासाठी सहा वर्षं वाट पाहिलीस, तो काकांनी भर पारावर उच्चारला. तुला तो महिनाभरानं चुकला. आणि माझा शब्द, तो तर मी अजून कोणाजवळच बोलले नव्हते… चुकलं माझं.